जोडीचं नाव नक्की कोणाचं?

सप्रेम नमस्कार ताई,

भांडुपहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा टीवायबीकॉमला आहे, शाळेपासूनच्या मित्राबरोबर इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक करतो. आता कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करायचं म्हणतो आणि सामानासाठी तुमच्याकडे लाखभर रुपये मागतो. यात करिअर होतं का, हा तुमचा प्रश्न.

होतं. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीतले दोघे पॅरिसला शाळेत भेटले, १९९३ ते २०२१ एकत्र राहिले, २०१४ मध्ये त्यांच्या अल्बमला सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. लांब कशाला, आपल्या मुंबईची लॉस्ट स्टोरीज ही जोडी बेल्जियमच्या टुमॉरोलँड या मोठ्या संगीत महोत्सवात वाजवून आली. पण सुरुवातीला घर चालतं ते लग्नातल्या संगीतावर, लाउंजमध्ये वाजवण्यावर, जाहिरातींच्या कामावर. लग्नाचे मुहूर्त नसले की हात रिकामे. म्हणून टीवाय पूर्ण करायलाच हवं, यावर मी ठाम आहे. शिवाय हिशेब येणारा कलाकार सहसा फसत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दोघांमधल्या व्यवहाराची. मैत्रीत लिहून काय घ्यायचं, असं मुलांना वाटतं. पण मिळून धंदा केला की १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा समसमान, आणि धंद्याच्या देण्याला दोघंही जबाबदार. मित्रानं जोडीच्या नावावर स्पीकर उधार आणले, तर दुकानदार तुमच्या मुलाकडेही पैसे मागू शकतो.

ट्रॅकचंही तसंच. एकानं बीट रचला, दुसऱ्यानं सिंथची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची) धून दिली. वर्षभरानं ते गाणं जाहिरातीत गेलं की कोणाचं किती, यावरून कटकट सुरू होते. ट्रॅक पूर्ण झाला की त्याच दिवशी दोघांचा हिस्सा टक्क्यांत लिहून ठेवायचा. पुढे आयपीआरएसकडे, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, गाणं नोंदवताना तो लागतोच. प्रोजेक्ट फाइल, म्हणजे गाण्याचा प्रत्येक भाग सुटा असलेली मूळ फाइल, दोघांच्याही हार्ड डिस्कवर हवी आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड दोघांकडे. नुसती तयार गाण्याची एमपीथ्री हातात राहिली तर ड्रमचा एक ठोकासुद्धा बदलता येत नाही.

नावाचं तर आजच ठरवायला सांगा. एक जण बाहेर पडला तर ते नाव कोण वापरणार? ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्तीच्या नावानं केल्यास एका वर्गाचे (माल किंवा सेवेच्या एका प्रकाराचे) ४,५०० रुपये. लाखाच्या सामानापुढे हा खर्च काहीच नाही.

पैसे द्या, पण निम्मेच, आणि मित्राच्या घरूनही तेवढेच येऊ देत. लॅपटॉप आहेच, आधी कंट्रोलर (लॅपटॉपवरचं संगीत हाताळायचं बटणांचं यंत्र), हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यं लॅपटॉपला जोडणारी पेटी) घ्यावा. मोठे स्पीकर कार्यक्रमापुरते भाड्यानं मिळतात. दोघांच्या सह्यांचा कागद आधी पाहा, मगच चेक द्या.