बायबलमध्ये तान्ह्या बाळांनाही मारायची आज्ञा आहे, मग ते पवित्र कसं? आणि आजचा मजकूर मूळचाच आहे हे कशावरून?

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाने मला नगर जिल्ह्यातला एक रविवार आठवला, म्हणून आधी तो सांगते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आमच्या मंडळीत आठ-दहा वर्षांच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडे होता. फ्लॅनेलचा हिरवा फळा आणि त्यावर चिकटवायची चित्रं: शौल राजा, शमुवेल, चार मेंढरं. धडा होता १ शमुवेल १५, म्हणजे बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. इस्राएलचे शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, बायका, पोरं, तान्ही बाळं, गुरंढोरं काही ठेवू नकोस, अशी इस्राएलचा राजा शौल याला शमुवेल संदेष्ट्याकरवी देवाची आज्ञा होते. तो त्यांच्या राजाला, अगागाला, जिवंत ठेवतो, चांगली चांगली जनावरं राखतो, आणि देव त्याला टाकून देतो. आमच्या पुस्तकात धड्याखाली छापलं होतं: पूर्ण आज्ञापालन. मी मेंढरं चिकटवत होते तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "टीचर, तान्ह्या बाळांनी काय केलं होतं?"

तिच्या घरी त्याच महिन्यात भाऊ झाला होता. वर्गात पेढे वाटून झाले होते.

मला जे शिकवलं होतं तेच मी बोलले: ती मोठी होऊन शत्रूच झाली असती. पोरगी गप्प बसली. माझ्या हातातलं मेंढरू फळ्यावर बसेना, मी ते दोनदा दाबलं. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी मी अण्णांकडे गेले. अण्णा माझे थोरले चुलते, मंडळीत वचनाचे जाणकार म्हणून मान असलेले. म्हटलं, "अण्णा, हे मुलांना कसं सांगायचं?" ते म्हणाले, "बाळ, ते वचन आहे. वचनाला प्रश्न करायचा नसतो. एक टाका सोडलास की अख्खी वीण उसवते."

पुढची दोन वर्षं मी मिळेल ते वाचत गेले. मग एका शुक्रवारच्या बायबल अभ्यासात योहानाचा आठवा अध्याय निघाला: व्यभिचारात धरलेली बाई, आणि तिला दगडांनी मारायला निघालेल्यांना येशू म्हणतो, ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड टाकावा. मी एवढंच म्हटलं की हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. अण्णा सगळ्यांसमोर ताडकन म्हणाले, "आज ही बाई काढलीस, उद्या वधस्तंभ काढशील!" महिन्याभरात माझा वर्ग दुसऱ्या ताईंकडे गेला. मला कुणी काही विचारलं नाही.

पण गोष्ट खरी आहे. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन्ही मोठ्या ग्रीक प्रतींत हा भाग नाही. काही प्रतींत तो चक्क लूकच्या शुभवर्तमानात सापडतो. आजच्या बऱ्याच आवृत्त्या तो कंसात छापतात. मार्कच्या शुभवर्तमानातली शेवटची बारा वचनंही त्या दोन प्रतींत नाहीत. आणि १ शमुवेल १३ मध्ये शौल राजा झाला तेव्हा किती वर्षांचा होता तो आकडा हिब्रू मजकुरातून गळलेलाच आहे. दुसऱ्या बाजूला, १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मिळालेली यशयाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. बारीकसारीक फरक पुष्कळ, पण पुस्तक तेच. म्हणजे नक्कल करणाऱ्यांनी मन मानेल तसं लिहिलं हेही खोटं, आणि एक काना-मात्रा हलली नाही हेही खोटं. तुमच्या दुसऱ्या भागाला माझं उत्तर एवढंच.

आता अण्णांना जे कधी पटवता आलं नाही ते. बाळांना मारायची आज्ञा जुन्या हिब्रू मजकुरातही आहे आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही. ती मूळ मजकुरात होती का, अशी शंका तिच्याबद्दल नाही. शंका आहे ती दगड थांबवणाऱ्या गोष्टीबद्दल. मजकूर पक्का असला म्हणून तो नीतीने बरोबर ठरत नाही, आणि कच्चा असला म्हणून चूक ठरत नाही. हे दोन हिशेब वेगळे आहेत. "शास्त्र विश्वसनीय आहे, म्हणून ती आज्ञाही योग्य" म्हणणारे आमचे लोक आणि "प्रतींप्रतींत पाठभेद आहेत, म्हणून सगळंच थोतांड" म्हणणारे टीकाकार, दोघेही तीच चूक करतात.

त्या मुलीला आज मी सांगेन: बाळांनी काहीच केलं नव्हतं, आणि ती आज्ञा देवाची नाही, देवाच्या नावावर माणसांनी घातलेली आहे. त्या काळचे राजे असंच बोलत. इस्राएलच्या शेजारच्या मवाब देशाच्या मेशा राजाचा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला शिलालेख पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्राएलांचं एक गाव आपण आपल्या देवाला वाहून सात हजार माणसं मारली, असं तो अभिमानाने सांगतो, आणि त्यासाठी शब्दही तोच वापरतो जो शमुवेलात आहे. इस्राएल कायमचं नष्ट झालं, असंही त्याने कोरून ठेवलंय. शमुवेलातले अमालेकीही तिसाव्या अध्यायात पुन्हा हजर आहेत, सिकलाग गाव जाळताना.

आणि वचनाला प्रश्न करायचा नसतो? बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्ती १८ मध्ये, सदोम शहराचा नाश करायला निघालेल्या खुद्द देवाशी अब्राहाम घासाघीस करतो. सदोमात पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? करत करत दहावर आणतो. सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का, असं तोंडावर विचारतो. देव त्याचा वर्ग काढून घेत नाही.

अण्णांच्या बैठकीत पंडिता रमाबाईंचा फोटो होता. त्याच रमाबाई, ज्यांनी केडगावात राहून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, छापील पुस्तक १९२४ साली आलं. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळवलं होतं की पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्यात मान देणार नाही. फोटो भिंतीवर लावायचा आणि पुतणीने तोंड उघडलं की गप्प करायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. योहानातली ती गोष्ट जुन्या प्रतींत नाही म्हणजे ती घडलीच नाही असं नव्हे. ती फार जुनी आठवण असावी असं बरेच अभ्यासक मानतात. आणि कॅथलिकांसाठी त्यांच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ मध्येच तो भाग शास्त्रात धरला आहे, त्यामुळे वसईतल्या एखाद्या कुटुंबात हा वाद कदाचित असा पेटणारच नाही. मी लिहिलं ते प्रोटेस्टंट घरातलं. तुम्हाला स्वतः वाचून बघायचं असेल तर १ शमुवेल १५ आणि उत्पत्ती १८ एकाच बैठकीत वाचा, आणि घरात लहान मूल असेल तर मोठ्याने वाचा.