कारण संपलं, तरी झोप का येत नाही?

कामाचा ताण संपून वर्ष झालं, रात्री नऊलाच अंथरुणावर पडता, तरी दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मग आता कारण काय उरलं, असं तुम्ही विचारलंय. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: रात्री नऊला पडता, हेच.

झोप उडते एका कारणाने आणि उडालेलीच राहते वेगळ्याच कारणाने. निद्रानाशाचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये हे तीन पायऱ्यांत मांडलं. आधी अंगात असलेला कल, मग ठिणगी पाडणारा प्रसंग, आणि नंतर झोप भरून काढायच्या नादात लागलेल्या सवयी. कल काही प्रमाणात आनुवंशिक असतो. २०१९ च्या एका अभ्यासात १३ लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून जनुकसंचातल्या २०२ जागा सापडल्या, म्हणजे 'निद्रानाशाचं एक जनुक' वगैरे काही नाही. ते बदलता येत नाही, आणि तुमची ठिणगी तर विझलीच आहे. उरल्या सवयी.

माझंही असंच झालं होतं. दहा दिवस वहीत रोजची नोंद ठेवली, तर अंथरुणात नऊ तास आणि झोप जेमतेम साडेपाच. उरलेले साडेतीन तास मी मेंदूला 'गादी म्हणजे जागायची जागा' हेच शिकवत होतो! मग साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही आणि सहाला उठायचंच, असं ठरवलं. झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसायचं. पहिला आठवडा भयंकर गेला, खोटं कशाला सांगू. पण दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचतं, झोपेचा दाब वाढतो, आणि तो दाब दुपारच्या डुलकीत वाया गेला नाही की रात्री कामी येतो. अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला, तशी पाव-पाव तासाने मुदत वाढवली.

ही सीबीटी-आय, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाश घालवायच्या उपचारातली एक पायरी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार करा असं सांगितलं. मात्र अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली उतरवू नका. फिट येत असतील, बायपोलर आजार असेल किंवा कामच गाडी चालवायचं असेल, तर हे मनाने करू नका. जोरात घोरत असाल, तर आधी स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची तपासणी.

गोळ्यांचं म्हणाल, तर झोल्पिडेमने झोपेतच चालणं, गाडी चालवणं असे प्रकार झाल्याने २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २०१४ मध्ये मान्यता मिळालेलं सुव्होरेक्संट निराळ्या वाटेने जातं: ते जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिन या मेंदूतल्या रसायनाला अडवतं. पण चालू असलेली गोळी एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आज फक्त घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि उशाला वही घ्या. नोंद सकाळी उठल्यावर, अंदाजाने. दहा दिवसांचे आकडे आले की तुमची झोपायची वेळ ठरवू.