विश्व प्रसरण पावतंय, मग त्याचं केंद्र कुठे आणि कडा कुठे?

केंद्र नाही, कडा असल्याचा पुरावाही नाही. सगळा घोळ विश्वाच्या सुरुवातीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘महास्फोट’ (बिग बँग) या शब्दाने केलाय. तो ऐकला की दिवाळीतला सुतळी बॉम्ब डोळ्यांसमोर येतो आणि तो नेमका कुठे फुटला ते शोधावंसं वाटतं. प्रत्यक्षात अवकाशच सगळीकडे ताणलं जातंय. इलॅस्टिकवर पेनाने ठिपके काढून ताणून बघा: कुठल्याही ठिपक्यावरून बाकीचे लांब जाताना दिसतात, दुप्पट अंतरावरचा दुप्पट वेगाने. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२९ मध्ये दीर्घिकांबाबत (म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबाबत) हेच दाखवलं. (इलॅस्टिकला टोकं असतात, मान्य. उपमा तिथे संपते.) आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाला मात्र मर्यादा आहे, प्रत्येक दिशेला सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षं. पण ती समुद्रावरच्या क्षितिजासारखी. दुसऱ्या दीर्घिकेतल्या कुणाचं क्षितिज वेगळं असणार.