‘माझ्यामुळे मागचे खोळंबतील’ : विमानतळाची धास्ती आणि बाळंतिणीच्या सामानाची बॅग

साताऱ्याच्या एक काकू समुपदेशनाला आल्या, तेव्हा त्यांच्या दिल्लीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे जाणं टळणारं नव्हतं. काकांना घर सोडून निघता येत नव्हतं, म्हणून एकटीनं जायचं. विमानात बसायची त्यांना भीती नव्हती. भीती होती विमानात बसेपर्यंतच्या दीड-दोन तासांची.

“रांगेत माझे हात थरथरतात. मागचे लोक बघतात. यंत्र वाजलं की वाटतं, आता सगळ्यांदेखत काय काय काढायला लावतील.”

याचं मूळ आधीच्या एका प्रवासात होतं. मुलानं भरलेल्या मोठ्या बॅगेत पॉवर बँक राहिली होती. बॅग उघडायला त्यांना परत बोलावलं, धावपळ झाली, विमान जेमतेम मिळालं. तेव्हापासून तपासणी म्हणजे आपल्यावर घेतलेला संशय, हे मनात बसलं. अशी भीती नुसत्या ‘काही होत नाही हो’नं जात नाही, कारण काहीतरी झालेलं असतं. ते का झालं, हे कळलं की तिची पकड सुटू लागते. लिथियमच्या बॅटरीनं सामानाच्या कप्प्यात पेट घेतला, तर तिथे कोणाचा हात पोचत नाही; म्हणून पॉवर बँक कायम आपल्याजवळच्या बॅगेत. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. हे समजल्यावर काकू म्हणाल्या, “म्हणजे माझ्यावर संशय नव्हताच तर.”

मग त्यांना सामानाची यादी लिहायला सांगितली. डिंकाचे लाडू, खारीक, सुंठ, बाळंतशेप, घरचं तूप, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, मिरचीपूड, सातारी कंदी पेढे, देवासाठी कापूर आणि काडेपेटी, शिवाय बटव्यात अडकित्ता. अडकणार कुठे, ते या यादीतच दिसत होतं. कापूर आणि काडेपेटी कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते तापून आपोआप पेटू शकतं, म्हणून मोठ्या बॅगेत त्याला मनाई आहे. अडकित्ता आणि मिरचीपूड हातातल्या बॅगेतून काढून मोठ्या बॅगेत. तूप आणि खोबरं दिल्लीत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, ते तिथेच घ्यावं. आईला हे पटायला वेळ लागतो, आणि लागू द्यावा. घरचं तूप नेणं ही तिची माया असते. आम्ही लाडूंना हात लावला नाही. फक्त डबा हातातल्या बॅगेत अगदी वर ठेवायला सांगितला. घट्ट भरलेले लाडू एक्स-रेमध्ये एक सलग गोळा दिसतात आणि बॅग बाजूला काढली जाण्याची शक्यता असते. डबा वर असला की झाकण उघडून दाखवलं, संपलं.

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग नेऊ देतात, तरी आपल्या तिकिटावरचा आकडा बघावा. घरच्या आणि तिथल्या काट्यात फरक पडतो, म्हणून मोठी बॅग १४ किलोवर थांबवली. काउंटरवर बॅग उघडून साड्या इकडच्या तिकडे करण्यात जितका वेळ आणि धीर जातो, तितका सुरक्षा तपासणीतही जात नाही.

तिकीट आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर अन् अक्षर जुळवलं. मधलं नाव नसलं तर सहसा अडत नाही. पण एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं असेल तर आधीच कंपनीशी बोलून दुरुस्त करावं. वेब चेक-इन सहसा ४८ तास आधी उघडतं. ते करून कडेची सीट घेतली आणि बोर्डिंग पास कागदावर छापून घेतला. पुण्यात चेहरा दाखवून आत जाण्याची डिजियात्रा आहे, नेहमी जाणाऱ्यांचा वेळ तिनं वाचतो. पण हात थरथरणाऱ्या माणसाला नवं ॲप देऊ नये. हातातला कागद धीर देतो.

इथे एक गैरसमज फार आढळतो: वेब चेक-इन झालंय, मग उशिरा गेलं तरी चालेल. मोठी बॅग असेल तर ती काउंटर बंद होण्याआधीच द्यावी लागते, आणि देशांतर्गत विमानासाठी काउंटर सहसा ६० मिनिटं आधी बंद होतो. काकूंचं विमान अडीचचं होतं. म्हणजे बॅग दीडच्या आत, पुण्याच्या लोहगाव विमानतळावर साडेबाराला, आणि खंबाटकी घाट, खेड शिवापूरचा टोलनाका व पुण्याची गर्दी धरून साताऱ्यातून साडेआठला निघायचं.

शेवटच्या दोन भेटींत टेबलावर प्लास्टिकचा ट्रे ठेवून सराव केला. रांगेत शिरण्याआधीच घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे पर्सच्या एका कप्प्यात आणि चेन बंद. ट्रेमध्ये फक्त मोबाइल, चार्जर, पॉवर बँक, त्यावर पर्स. दागिना सुटा ठेवायचा नाही. पहिल्या वेळी तीन मिनिटं लागली, सहाव्या वेळी पाऊण मिनिट. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, हेही रांगेत उभं असल्यासारखंच.

बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते. साडीच्या पिना, पाटल्या, जोडवी यांनी हातातलं यंत्र वाजतंच. मंगळसूत्र सहसा काढायला लावत नाहीत. काकूंच्या गुडघ्याचं सांधेरोपण झालेलं होतं. त्यांना एकच वाक्य पाठ करायला दिलं: “मेरे घुटने में धातु है, बीप होगा.” यंत्र वाजायच्या आधी आपण सांगितलं की दचकायला उरत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी, पण तिच्यामुळे तपासणी टळत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवावं. काकूंना ती नको होती, तेव्हा आग्रह केला नाही.

प्रत्यक्षात यंत्र वाजलं, आणि लाडूंमुळे बॅगही बाजूला निघाली. काकू पट्ट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, डबा उघडून दाखवला, बंद केला. गेट सहसा २०-२५ मिनिटं आधी बंद होतं. त्या तासभर आधीच तिथे होत्या.

दोन महिन्यांनी परत निघताना फोन आला. मुलीनं चांदीचं निरांजन दिलं होतं, ते कुठल्या बॅगेत ठेवू? मौल्यवान वस्तू मोठ्या बॅगेत कधीच नाही, म्हणून पर्समध्ये. वात आणि तूप काढून, पुसून.