जीप उंच केल्यावर स्टिअरिंग डुलतंय? आधी एवढं बघ

भाऊ, घाबरू नको, आणि लगेच नवा स्टिअरिंग डॅम्परही (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) घेऊ नको. नवखे हीच चूक करतात. डॅम्परनं थरथर झाकली जाते, दुखणं तसंच राहतं.

टायरची हवा, नटबोल्ट बघ. मग टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, जोड धू. काळी माती वाळून बसली की ढिलाई दिसतच नाही. चाकं जमिनीवर ठेवून कुणालातरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांग, तू जोडावर बोट ठेव. टकटक लागली की चोर सापडला. जोड घट्ट असूनही गाडी भटकते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही? मग कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, मोजून घे. उंची वाढली की तो बहुधा कमी होतो. नुसतं टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळवणं) करून भागत नाही.

ब्रेकचं मात्र उद्यावर ढकलू नको:

- चेसिस स्टँडवर घे, चाकं लोंबू दे, दोन्हीकडे पूर्ण वळव. होज (ब्रेकचा रबरी पाइप) ताणला तर जास्त लांबीचा बसव.
- पेडल स्पंजसारखं लागलं तर बहुतेक ब्रेकच्या लाइनमध्ये हवा, ब्लीड कर म्हणजे ती काढून टाक.
- दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली गेलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा पंप) खराब. दुरुस्त होईतोवर मांजरसुंब्याचा घाट उतरायचा नाही.

बाकी चाकांच्या कोनांचं नंतर सांगतो. होजचा फोटो टाक.