फायनल फँटसीचे नायक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘फायनल फँटसी’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला खेळ डिसेंबर 1987 मध्ये जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. त्यातल्या चार योद्ध्यांना धड नावंही नव्हती, ती आपणच ठेवायची. पुढे नायकांना नावं मिळाली, भूतकाळ मिळाला. पण आमच्या मते यातले जे नायक लक्षात राहिले ते त्यांच्या संवादांमुळे कमी आणि त्यांच्या हाती दिलेल्या नियमांमुळे जास्त. आलेले बहुतेक प्रश्नही त्या नियमांपाशीच अडलेले आहेत. कथा आधी कळलेली ज्यांना चालत नाही, त्यांनी सातव्या खेळातल्या क्लाउडवरचं उत्तर सोडून पुढे जावं.

प्रश्न: मालिकेत सोळा क्रमांक आहेत. पहिल्यापासूनच खेळायला हवं का?

नाही. प्रत्येक क्रमांकाची कथा, जग आणि नायक वेगळे असतात. चॉकोबो पक्षी, मूगल नावाचे छोटे प्राणी, सिड नावाचा कोणीतरी माणूस आणि काही मंत्र एवढंच फिरून फिरून भेटतं. फोनवर किंवा संगणकावर सुरुवात करायची असेल तर पहिल्या सहा खेळांची ‘पिक्सेल रीमास्टर’ आवृत्ती घ्या. त्यातला चौथा खेळ आधी खेळा. तो सरळ रेषेत चालतो आणि नायकाचा बदल हाताला जाणवतो.

प्रश्न: चौथ्या खेळात नायक सेसिल डोंगरावर पॅलाडिन (पवित्र योद्धा) होतो, पण आरशातून निघालेल्या काळ्या योद्ध्याकडून मी तीनदा हरलो. जिंकलो तरी लेव्हल 1 होते म्हणतात. मग इतकी मेहनत वाया गेली का?

तलवार उगारणं हीच इथली चूक आहे. समोरचा काळा योद्धा म्हणजे सेसिलचंच जुनं रूप, आणि खेळ तुमची परीक्षा घेतोय ती न मारण्याची. आपली पाळी आली की ‘डिफेंड’ निवडा. एचपी (जीवशक्तीचे गुण) फारच खाली गेले तर पोशन हे औषध घ्या आणि पुन्हा डिफेंड. काही पाळ्यांनी लढाई आपोआप संपते. 1991 साली सुपर फॅमिकॉमवर, लढूनच पुढे जायच्या खेळात, हात आवरून धरायला लावणारी ही जागा अजूनही विरळाच.

त्याआधीची खरी अडचण म्हणजे स्कार्मिग्लिओने हा बॉस. तो दोनदा भेटतो. पहिल्यांदा हरला की खेळाडू निर्धास्त होऊन पुलावर चालू लागतो आणि तो मागून हल्ला करतो. मागून हल्ला म्हणजे रांगा उलटतात: टेला, पालोम आणि पोरोम पुढे येतात, सेसिल मागे जातो. तीन नाजूक जादूगार पुढच्या रांगेत म्हटल्यावर दोन फटक्यांत खेळ खलास. म्हणून पहिली लढाई झाल्यावर, पुलावर पाय ठेवण्याआधी, मेनूत जाऊन रांगा मुद्दाम उलट करून ठेवा. हल्ला मागून आला की त्या आपोआप सुलट होतील. सगळ्यांचे एचपीही तेव्हाच भरा. तो मेल्यावरही चालणाऱ्या ‘मृत’ शत्रूंपैकी असल्याने आग त्याला सर्वात जास्त लागते. पालोमला आगीवर ठेवा आणि पोरोमला फक्त उपचारावर.

याच डोंगरावर सेसिलची काळी तलवार इतकी बोथट का वाटते, तेही ऐका. काळ्या तलवारी मृत शत्रूंवर नीट चालत नाहीत आणि इथे भेटणारे बहुतेक तेच. पॅलाडिन व्हायच्या आधीच खेळ तुम्हाला सांगत असतो की हे शस्त्र आता टाकायचंय.

लेव्हल 1 बघून घाबरू नका. पॅलाडिनचे एचपी पहिल्या लेव्हलच्या मानाने भरपूर असतात आणि सुरुवातीच्या लेव्हल भराभर चढतात. जुनं काळं चिलखत मात्र त्याला घालता येत नाही. त्यामुळे डोंगर उतरताना तो जवळजवळ उघडाच असतो आणि बहुतेकांचा घात तिथे होतो. उतरताना त्याला मागच्या रांगेत ठेवा, मारामारी जादूगारांना करू द्या, मिसिडिया गावात पोचलात की आधी त्याला चिलखत घ्या. पॅलाडिनला ‘कव्हर’ नावाचा गुण आहे: मरणाच्या दारात असलेल्या साथीदारावरचा वार तो न सांगता स्वतःवर घेतो. सेसिलचं चिलखत म्हणजे अख्ख्या टीमचं चिलखत, ते इथून पुढे.

प्रश्न: सहाव्या खेळात नायक कोण? आणि शॅडो हा साथीदार नंतर कुठेच सापडत नाही, असं का?

नायक एकच असा नाही. टीममध्ये घेता येणारी 14 पात्रं आहेत. कथा टेरापासून सुरू होते, दुसऱ्या अर्ध्या भागात सेलेसच्या हातात जाते. हा 1994 चा खेळ अनेकांना मालिकेत सर्वोत्तम वाटतो, त्यामागे ही वाटणीच आहे.

शॅडो सापडत नाही, कारण तुम्ही त्याला तरंगत्या खंडावर सोडून आलात. शेवटी 6 मिनिटांचं घड्याळ चालू होतं आणि सगळे कडेकडे पळतात. कडेवर पोचलात की खेळ विचारतो: उडी मारायची की थांबायचं? ‘थांबा’ निवडा आणि तिथेच उभे राहा. 5 सेकंद उरले की शॅडो येतो. तोवर घाम फुटतो हे खरं, पण एक सेकंद आधी उडी मारलीत तरी तो कायमचा गेला. कडेवर लवकर पोचलात तर मिनिट-दोन मिनिटं नुसतं घड्याळ बघत बसावं लागतं. काही हरकत नाही. मात्र तिकडे निघण्याआधी वेगळ्या जागेवर सेव्ह करून ठेवा. त्याला वाचवलं तर पुढच्या जगात तो वेल्ट या मैदानावरच्या गुहेत भेटतो. त्याला टीममध्ये घेऊन खानावळीत झोपलात तर अधूनमधून त्याची स्वप्नंही दिसतात. त्याचा सारा भूतकाळ त्या स्वप्नांत आहे. न थांबणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

याच खेळातल्या सेबिनचे ‘ब्लिट्झ’ (बटणांच्या क्रमाने मारायचे वार) लागत नाहीत अशीही तक्रार आली आहे. कमांड निवडायची, मग बटणं, आणि शेवटी पुन्हा होकाराचं बटण. हे शेवटचं बटणच लोक विसरतात. पहिला ब्लिट्झ डावं-उजवं-डावं. दुसरा खाली, खाली-डावं, डावं. यात मधली तिरकी दिशा चुकते, म्हणून अंगठा उचलू नका, घसरत न्या.

एस्परबद्दल, म्हणजे पात्रांच्या अंगावर लावायच्या जादुई जीवांबद्दल, एकच गोष्ट लक्षात ठेवा. लेव्हल वाढते त्या क्षणी जो एस्पर अंगावर असेल तोच ताकद, जादू असा आपला आकडा वाढवून देतो. एस्पर मिळण्याआधी चढवलेल्या लेव्हलना हा लाभ नाही. सुरुवातीला उगाच जंगलात फिरून लेव्हल वाढवणारे इथे नुकसान करून घेतात.

प्रश्न: सातव्या खेळाचा नायक क्लाउड याचा शेवटचा खास वार ‘ऑम्निस्लॅश’ कसा मिळवायचा? आणि त्याची साथीदार एरिथ हिला वाचवता येतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती मरते आणि 1997 पासून फिरणाऱ्या कोणत्याही ‘गुप्त युक्ती’त तथ्य नाही. अफवा पसरायला खेळानेच जागा ठेवली, कारण तिच्या ‘लिमिट’ची (पट्टी भरली की करता येणाऱ्या खास वाराची) शेवटची पातळी ‘ग्रेट गॉस्पेल’ ती जाण्याआधीच मिळवता येते. त्यासाठी जुनॉनजवळच्या गुहेतल्या झोपाळू माणसाकडून मिथ्रिल ही वस्तू घ्यावी लागते. तुमच्या एकूण लढायांच्या आकड्याचे शेवटचे दोन अंक सारखे आणि विषम असतील (11, 33, 55, 77, 99) तेव्हाच तो ते देतो. कधीकधी तोच झोपेत लढायांचा आकडा पुटपुटतो, तेवढ्यावरून हिशेब लावा. एरिथवर आकडे वाढवणाऱ्या ‘सोर्स’ वस्तू मात्र खर्च करू नका. त्या तिच्याबरोबर जातात.

आता क्लाउड. ‘ब्रेव्हर’ हा पहिला लिमिट वार 8 वेळा वापरलात की पहिल्या पातळीचा दुसरा वार येतो. दुसऱ्या पातळीसाठी 120 शत्रू मारावे लागतात, आणि अखेरचा घाव क्लाउडचाच हवा. जादूने मारलेलेही धरले जातात, म्हणून मंत्र सगळ्यांवर पाडणारा ‘ऑल’ मटेरिया (जादूचा गोळा) आगीच्या मटेरियाला जोडून कमजोर झुंडी जाळत चला. हे काम लवकर होतं. ‘हायपर’ हे औषध घेतलं की लिमिटची पट्टी दुप्पट वेगाने भरते, पण वार चुकण्याचं प्रमाण वाढतं. ते बॉससमोर नव्हे, अशा झुंडींपुढेच घ्या.

ऑम्निस्लॅशचं पुस्तक गोल्ड सॉसर या करमणूक नगरीतल्या बॅटल स्क्वेअर या आखाड्यात गुणांवर मिळतं. पहिल्या डिस्कवर किंमत 51,200, पुढच्या डिस्कवर 32,000. तेव्हा घाई करू नका. तिथे सलग 8 लढाया असतात आणि प्रत्येक लढाईनंतर फिरत्या चक्रांतून एक अडथळा गळ्यात पडतो. शारीरिक-मानसिक बाधा रोखणारी ‘रिबन’ अंगावर असेल तर बरेच अडथळे कोरडे जातात. मोठी चूक पुढची: गुण पुरेसे झाले नाहीत म्हणून ‘उद्या बघू’ करत बाहेर पडणं. बॅटल स्क्वेअर सोडलं की सगळे गुण शून्य. बसायचं तर एका बैठकीत बसा. आणि आधीचे सहाही वार शिकलेले नसतील तर पुस्तक हाती असूनही उघडत नाही.

प्रश्न: आठव्या खेळात मी नायक स्क्वॉलच्या लेव्हल 40 पर्यंत नेल्या, तरी साधे शत्रूसुद्धा जड जातात. कुठे चुकलं?

लेव्हल वाढवण्यातच. या खेळात शत्रूंची लेव्हल तुमच्या टीमच्या सरासरीप्रमाणे वर जाते. अनुभवाच्या दर 1000 गुणांना एक लेव्हल इतक्या सोप्या भावाने तुम्ही स्वतःपेक्षा शत्रूंनाच जास्त पोसलंत. 1999 साली हे कोणाला पटकन उमगलं नाही आणि स्क्वॉल ‘कंटाळवाणा’ ठरला. तो ज्या तुटकपणे बोलतो त्याच तुटकपणे खेळायचा खेळ आहे हा: लढाया टाळायच्या, तयारी करायची.

ताकद येते जंक्शनमधून. एचपी, ताकद अशा प्रत्येक आकड्याला एक मंत्र जोडायचा, त्या मंत्राचे 100 नग असले की लाभ पूर्ण. ‘ड्रॉ’ करत एकेका शत्रूकडून मंत्र ओढत बसू नका, वस्तूंपासून करून घ्या. सायरन ही गार्डियन (सोबत बाळगायची जादुई शक्ती) डॉलेटच्या मनोऱ्यावर एल्व्होरेट या बॉसकडून ड्रॉ करायची असते. तिला एल-मॅग-आरएफ हे वस्तूंचे मंत्र करणारं कौशल्य शिकवलं की 1 तंबूपासून 10 क्युरागा (उपचाराचा मंत्र) होतात. तंबू दुकानात 1000 गिलला (गिल हे खेळातलं चलन). दहा तंबू, शंभर क्युरागा, ते एचपीला जोडले की 2200 एचपी वाढले, तेही खेळाच्या पहिल्या काही तासांत. शिवा या गार्डियनच्या आय-मॅग-आरएफने 1 माशाच्या कल्ल्याचे 20 ‘वॉटर’ होतात. बालांबच्या किनाऱ्यावर मासे मुबलक.

यात एक खाच आहे. जंक्शनला लावलेला मंत्र लढाईत वापरला की नग घटतात आणि आकडाही खाली येतो. क्युरागा एचपीला लावलंय ना, मग उपचार पोशनने करा.

लेव्हल न वाढवता कौशल्यं शिकायची तर क्वेझाकोटल या गार्डियनची ‘कार्ड’ कमांड वापरा. शत्रूला अर्धमेला करून त्याचं कार्ड केलं की एपी (कौशल्यांचे गुण) मिळतात, अनुभवाचे गुण नाहीत. बॉसही एपीच देतात.

स्क्वॉलची ‘लायनहार्ट’ तलवार पहिल्या डिस्कवरच होऊ शकते: 1 अ‍ॅडमंटाइन, 4 ड्रॅगन फँग, 12 पल्स अ‍ॅमो. मासिकात तिची माहिती मिळाली नसली तरी सामान जवळ असलं की कारागीर ती बनवून देतो. पल्स अ‍ॅमोसाठी एल्नॉइल या शत्रूची 10 कार्डं म्हणजे 1 एनर्जी क्रिस्टल, आणि इफ्रीटच्या अ‍ॅमो-आरएफने एका क्रिस्टलचे 10 पल्स अ‍ॅमो. म्हणजे 20 कार्डं लागतील, 8 पल्स अ‍ॅमो उरतील.

प्रश्न: दहाव्यातली चॉकोबोची शर्यत 0:0.0 मध्ये कशी जिंकायची?

गणित सोपं आहे. धावायला लागलेल्या वेळेतून प्रत्येक फुग्याचे 3 सेकंद वजा, प्रत्येक पक्ष्याच्या धडकेचे 3 सेकंद अधिक. 36 सेकंदांत पोचलात आणि एकही पक्षी लागला नाही, तर 12 फुगे हवेत. दोन पक्षी लागले तर 14. तुमच्याशी शर्यत लावणाऱ्या प्रशिक्षिकेच्या मागे राहून तिला फुगे घेऊ देऊ नका, पहिले काही तिच्या आधी उचला. ही शर्यत जिंकायची ती नायक टीडसच्या खास तलवारीसाठी, आणि तिला ‘सन क्रेस्ट’ही लागतो. युनालेस्का या बॉसला हरवल्यावर त्याच जागेतली पेटी तेव्हाच उघडा. इंटरनॅशनल आणि रीमास्टर आवृत्तीत पुन्हा तिकडे गेलात तर वाटेत डार्क बहामुत उभा असतो.

जाता जाता: पात्रांना आवाज देणारा हा पहिला क्रमांक, तरी टीडसला त्यात कोणी नावाने हाक मारत नाही. नाव तुम्ही बदलू शकता, म्हणून.

प्रश्न: बाराव्याचा नायक वान इतका बाजूला का? गॅम्बिट (साथीदारांना आधीच देऊन ठेवलेले हुकूम) आपोआप चालतात तर आपण करायचं काय?

वान हा बघणारा आहे, नायक असल्याचा दावा त्याचा साथीदार बाल्थिअर स्वतःच करतो आणि तो ऐकायला मजा येते. गॅम्बिट वरून खाली वाचले जातात, पहिली लागू पडणारी ओळ चालते. म्हणून ‘साथीदाराचे एचपी 40 टक्क्यांखाली: क्युअर’ सर्वात वर, हल्ल्याची ओळ खाली. उलटं लावलंत तर मरेपर्यंत कोणी औषध देणार नाही.

प्रश्न: बर्फाची बाई आणि नाव शिवा? हे कसं?

1990 च्या तिसऱ्या खेळापासून ती अशीच आहे. मालिकेत समनची (लढाईत मदतीला बोलावायच्या शक्तींची) नावं साऱ्या जगाच्या पुराणांतून उचललेली आहेत, अर्थाशी इमान न राखता: आपल्याकडचे गरुड, असुर, लक्ष्मीही त्यात आहेत. चौथ्या खेळातली असुरा ही तीन तोंडांची राणी आहे आणि समन म्हणून हवी असेल तर तिला हरवावं लागतं. ती स्वतःलाच सतत बरं करत राहते, म्हणून लढाई लांबते. तुमच्या टीममधल्या रोझाला मंत्र परतवणारा ‘रिफ्लेक्ट’ येत असेल तर तो आपल्यावर नको, असुरावर टाका. तिचे उपचार तिच्यावरून उसळून तुमच्या टीमवर पडतील. रिफ्लेक्ट उतरला की लगेच पुन्हा लावायचा, बाकीच्यांनी मारत राहायचं.