‘खासदार रुजू झाले’ असे लिहावे का?

दारव्हा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज एक बातमी लिहितात. अठराव्या लोकसभेचे पहिले अधिवेशन सुरू झाले, तेव्हा त्यांनी ‘आपल्या मतदारसंघाचे नवनिर्वाचित खासदार लोकसभेत रुजू झाले’ असे लिहिले होते. गावातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी येता-जाता ‘रुजू’ या शब्दाखाली खडूने रेघ ओढली, कारण मात्र सांगितले नाही. ते कारण काय असावे, आणि जे सदस्य पूर्वीही लोकसभेत होते त्यांनाही ‘नवनिर्वाचित’ म्हणता येते काय, असे दोन प्रश्न या शिक्षिकांनी विचारले आहेत.

ताई, मुख्याध्यापकांची रेघ योग्य जागी पडली आहे, असे माझे मत आहे. परंतु आपली चूक अज्ञानातून झालेली नसून सवयीतून झालेली आहे, आणि ती सवय आपल्या दोघांच्याही पेशाची आहे. माझी नोकरी पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत गेली. बदली होऊन आलेले गुरुजी एस. टी.तून उतरत, पिशवी बाकाखाली सरकवीत आणि पाणीही न पिता अर्ध्या कागदावर लिहून देत, की ‘आपल्या कार्यालयाच्या आदेशान्वये मी आज रोजी मध्यान्हपूर्व रुजू झालो असून मला रुजू करून घेण्यात यावे, ही विनंती.’ त्या कागदाला आम्ही रुजू अहवाल म्हणत असू. मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर, यावर त्या दिवसाच्या पगाराचा प्रश्न अवलंबून असल्यामुळे तो एक शब्द राहिला तर कागद परत जात असे.

या अहवालातील ‘रुजू करून घेण्यात यावे’ हे शब्द नीट पाहावेत. माणूस नुसता येऊन रुजू होत नाही, त्याला कोणीतरी रुजू करून घ्यावे लागते. म्हणजे रुजू होण्यासाठी आधी कोणाचा तरी आदेश हवा, ज्याच्यापुढे हजर व्हायचे असा वरिष्ठ हवा, आणि त्या वरिष्ठाने ‘घेतले’ असा शेरा मारायला हवा. शब्दाचे मूळही या अर्थाशी जुळणारे आहे. अरबीत त्याचा अर्थ परतणे, वळणे असा असून फारसीमार्गे तो मराठी दफ्तरात आला आणि येथे ‘समोर येणे, समोर ठेवणे’ या अर्थाने स्थिरावला. पुरावा रुजू करतात तो न्यायाधीशापुढे. नकलेची मूळ कागदाशी रुजुवात घालतात, तेव्हाही एक गोष्ट दुसरीपुढे ठेवून पडताळून पाहायची असते. ज्याच्यापुढे यायचे, ते नेहमीच मोठे किंवा मूळ असते.

आता लोकसभेच्या सदस्याकडे वळू. त्याला दिल्लीला जाण्याचा आदेश कोणी दिलेला नसतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ६७क प्रमाणे, निवडणूक निर्णय अधिकारी ज्या दिवशी उमेदवार निवडून आल्याचे घोषित करतो, तीच त्याच्या निवडणुकीची तारीख होय. २०२४ च्या निवडणुकीत ती बहुतेक सर्वांची ४ जून होती. अधिवेशन २४ जूनला सुरू झाले. मधल्या वीस दिवसांत हे सगळे निवडून आलेले सदस्य ‘रुजू होण्याच्या प्रतीक्षेत’ नव्हते. जे मिळायचे ते मतमोजणीच्या केंद्रावर प्रमाणपत्राच्या रूपाने हाती आलेले होते. सभागृहात त्यांना ‘घ्यावे’ की नाही, हे ठरवणारा आस्थापना लिपिक तेथे नसतो.

मात्र आपल्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो मी दडवणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ९९ प्रमाणे प्रत्येक सदस्याने आसन ग्रहण करण्यापूर्वी राष्ट्रपतींसमोर किंवा त्यांनी त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीसमोर शपथ घ्यावी किंवा प्रतिज्ञा करावी लागते, आणि नुसती घेऊन भागत नाही, तिच्याखाली सही करावी लागते. २४ जूनला हंगामी अध्यक्ष म्हणून भर्तृहरी महताब बसले होते. महासचिवांकडून एकेक नाव पुकारले जाते, सदस्य पुढे येतो, हिंदीत, इंग्रजीत किंवा मराठीसारख्या आठव्या अनुसूचीतील भाषेत शपथ घेतो, अध्यक्षांना अभिवादन करतो आणि सदस्यांच्या नोंदवहीत सही करतो. नाव पुकारणे, समोर येणे आणि वहीत सही करणे हे सगळे पाहून आस्थापना शाखेतल्या माणसाला हजेरीपट आठवणार, आणि त्याच्या तोंडून ‘झाले रुजू’ असे निघून जाणार, हे मी स्वतःवरून सांगतो. सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास जागा रिक्त झाल्याचे सभागृह घोषित करू शकते, हेही नोकरीतल्या अनधिकृत गैरहजेरीसारखेच वाटते. तरीही फरक उरतोच. ही शपथ वरिष्ठापुढे दिलेला अहवाल नव्हे, कारण अध्यक्षही त्याच सभागृहाचा एक सदस्य असतो. शपथ न घेता जो सभागृहात बसेल किंवा मत देईल, त्याला अनुच्छेद १०४ प्रमाणे दर दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. पण हा दंड सदस्य नसल्याबद्दलचा नसून शपथेआधीच आसनावर बसल्याबद्दलचा आहे.

‘रुजू’ काढून त्या जागी ‘पदभार स्वीकारला’ घालण्याचा मोह टाळावा. भार असतो तो सरपंचाला, तहसीलदाराला, मंत्र्याला, कारण त्यांच्या हाती दप्तर, शिक्का किंवा खाते येते. नुसत्या सदस्याकडे सोपवायला काही नसते.

मग लिहावे काय? मराठीने या प्रसंगासाठी परक्या दफ्तरातून शब्द आणण्याआधीच आपल्या घरातून एक शब्द काढून ठेवला होता, आणि तो आपण रोज वापरतो म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे ‘निवडणे’. त्या निकालाच्या दिवशी आमच्या ओसरीवर माझी काकू सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. खडे एका बाजूला, किडके दाणे दुसऱ्या बाजूला, आणि बोट थांबत नव्हते. आतून टीव्हीवर निकाल ऐकू आला, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, ‘आला वाटते निवडून. आता दिल्लीले जाईन.’ (वऱ्हाडीत तृतीय पुरुषी भविष्यकाळात ‘जाईल’ऐवजी ‘जाईन’ म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना तेव्हा काकूच दिल्लीला निघाली आहे, असे वाटते.)

या एका वाक्यात ‘आला’ आणि ‘जाईन’ ही दोन परस्परविरुद्ध दिशांची क्रियापदे आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘निवडून येणे’ यात येणे हे मतदाराच्या जागेवरून पाहिलेले आहे; तुरीच्या ढिगातून दाणा जसा आपल्या बाजूला येतो, तसा तो माणूस आपल्याकडे येतो, त्याची आसनाची जागा दिल्लीत असली तरी. ‘निवडून जाणे’ मात्र एकटे उभे राहत नाही. ‘तो निवडून गेला’ असे नुसते म्हटले तर ऐकणारा ‘कुठे?’ असे विचारतो. ‘लोकसभेवर निवडून गेला’ म्हटले की वाक्य पुरे होते. आणखी गंमत म्हणजे मतदार ‘निवडून देतात’, कार्यकर्ते ‘निवडून आणतात’, उमेदवार ‘निवडून येतो’. पण ‘निवडून घेणे’ हे मात्र बाजारात वांग्यांच्या बाबतीतच ऐकू येते. घेणे म्हटले की फायदा घेणाऱ्याकडे जातो, आणि मतदानात निदान व्याकरणाने तरी तसे होऊ दिलेले नाही.

यातच ‘लोकसभेत’ आणि ‘लोकसभेवर’ यांचाही उलगडा होतो. समितीवर घेतात, मंडळावर नेमतात, ग्रामपंचायतीवर निवडून देतात, त्याच रीतीने लोकसभेवर निवडून जातात. तेथे एकदा गेल्यावर मात्र लोकसभेत बोलतात, लोकसभेत बसतात आणि लोकसभेतच शपथ घेतात. म्हणून आपल्या फळ्यावरचे ‘लोकसभेत’ चुकलेले नव्हते, फक्त त्याच्याशेजारी ‘शपथ घेतली’ हवे होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. नवनिर्वाचित म्हणजे नुकताच निवडून आलेला, पहिल्यांदाच निवडून आलेला नव्हे. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव २००९ पासून सलग चार वेळा लोकसभेवर निवडून गेले, तरी जून २०२४ मध्ये ते नवनिर्वाचितच होते. चंद्रपूरच्या प्रतिभा धानोरकर त्यापूर्वी वरोऱ्याच्या आमदार होत्या आणि लोकसभेवर त्या २०२४ मध्ये पहिल्यांदा गेल्या; त्यांना ‘नवनिर्वाचित’ आणि ‘लोकसभेत नवीन’ ही दोन्ही विशेषणे शोभतात, ‘राजकारणात नवख्या’ हे शोभत नाही. विदर्भाच्या दहाही मतदारसंघांतील सदस्यांना त्या महिन्यात सरसकट नवनिर्वाचित म्हटले असते, तर कोणावरही अन्याय झाला नसता. अन्याय होतो तो वर्षभरानंतरही चौकातल्या फलकावर तो शब्द तसाच लटकत राहतो तेव्हा. पहिले अधिवेशन आटोपले की तो उतरवावा.

हा शब्द मराठीत थोडा सरकारी वाटतो, याचे कारण निर्वाचन हे मुख्यतः हिंदीच्या राजभाषेतील चलन आहे. हिंदीत ‘भारत निर्वाचन आयोग’, तर मराठीत ‘भारत निवडणूक आयोग’. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी बोलणाऱ्या मध्यप्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे आपल्या भागात असे शब्द कानाला टोचत नाहीत आणि ते हद्दपार करावेत, असेही मला वाटत नाही. ‘नुकतेच निवडून आलेले’ हे तीन शब्द फळ्याच्या एका ओळीत मावत नाहीत, एवढी सबब मला पुरेशी आहे.

फळ्यावर ओळ अशी लिहावी: ‘आपल्या मतदारसंघाच्या नवनिर्वाचित खासदारांनी लोकसभेत शपथ घेतली.’ आणि लिहिताना ‘र्वाचित’मधील ‘चि’ ऱ्हस्व काढावी, कारण गावोगावच्या अभिनंदनाच्या फलकांवर ती दीर्घ पाहून-पाहून मुलांच्या वह्यांतही दीर्घ उतरू लागली आहे.